बचत गटाचा मसाला उद्योग: ३५ टक्के अनुदानाच्या आधी काय काय जुळवायचं

ताई, तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. उमेदचा (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) अकरा जणींचा गट, चार वर्षं झालेली, आधीचं एक बँक कर्ज फेडलेलं. तिखट आणि काळा मसाला तुम्ही आत्ताही विकता, पण दळायला तालुक्याला न्यावं लागतं. आता गावातच कांडप यंत्र, पल्वरायझर (बारीक भुकटी करणारं यंत्र), भाजणी यंत्र आणि पॅकिंगची मशीन घ्यायची आहे. ३५ टक्के अनुदान मिळतं असं ऐकलंय. शाखेने दोनदा ‘नंतर या’ म्हणून परत पाठवलं आणि एक एजंट पंधरा हजारांत सगळं करून देतो म्हणतोय.

आधी एजंटाचं. त्याला एक रुपयाही देऊ नका. तुम्ही ज्या योजनेबद्दल विचारताय ती प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, बोलीभाषेत पीएमएफएमई. तिच्यात अर्ज भरून देणं, प्रकल्प अहवाल बनवणं, बँकेत पाठपुरावा करणं, यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती (डीआरपी) नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन सरकार देतं, मंजूर झालेल्या प्रत्येक कर्जामागे २०,००० रुपये. म्हणजे तुमचं कर्ज मंजूर होण्यात त्यांचाही फायदा आहे. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन ‘आमच्या तालुक्याचे डीआरपी कोण?’ एवढं विचारलं की नाव आणि फोन मिळतो.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट विचारून घ्या. ही योजना २०२० साली सुरू झाली आणि तिची मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत वाढवलेली होती. तेव्हा योजनेचं ऑनलाइन पोर्टल सध्या अर्ज घेतंय का आणि जिल्ह्याचं या वर्षीचं लक्ष्य शिल्लक आहे का, हे कळल्याशिवाय कागद जमवायला पैसे घालू नका. तिथे दार बंद असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. योजनेचं नाव बदललं तरी पुढे सांगितलेली बहुतेक तयारी तशीच लागते. दोन्हीकडे एकदम मात्र धावू नका, एकच दार निवडा.

आता मूळ मुद्दा. बहुतेक गट ‘अनुदान किती’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच वाट चुकते. हे अनुदान कर्जाला जोडलेलं आहे. कर्ज मंजूर झालं नाही तर अनुदान नाही. आणि धंद्याचा हिशेब जुळत नसेल तर कर्ज मंजूर होत नाही, झालंच तर फिटत नाही. म्हणून आधी धंदा, मग कर्ज आणि सगळ्यात शेवटी अनुदान, असंच बघा.

रक्कम हातात येत नाही, हेही गटातल्या सगळ्या जणींना बैठकीत स्पष्ट सांगा. ३५ टक्के, वैयक्तिक उद्योगाला जास्तीत जास्त १० लाख रुपये, ही रक्कम तुमच्या बँकेत अनुदानाच्या वेगळ्या खात्यात जमा होते. कर्जाचा शेवटचा हप्ता तुम्हाला मिळाल्यापासून तीन वर्षं उद्योग चालू राहिला आणि कर्जखातं नियमित राहिलं, तरच ती तुमच्या कर्जात वळती होते. मधल्या काळात तेवढ्या रकमेवर बँकेने व्याज लावायचं नसतं. तीन वर्षांच्या आत खातं थकीत म्हणजे एनपीए झालं, तर बँक ती रक्कम स्वतःच्या वसुलीत धरते. ‘अनुदान आलं की वाटून घेऊ’ असं कुणी गटात बोलत असेल तर तो विषय आजच मिटवा, पुढची भांडणं तिथूनच उभी राहतात.

आकड्यांत बघू. समजा यंत्रं आणि त्यांची जोडणी मिळून ४ लाख, शेडची फरशी, वायरिंग आणि धूर-ठसका बाहेर काढणारे पंखे यांचे १ लाख, असे ५ लाख. जमिनीची किंमत यात धरता येत नाही आणि बांधकाम एकूण पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतच चालतं. स्वहिस्सा किमान १० टक्के, म्हणजे ५०,००० रुपये. बँकेचं मुदत कर्ज ४,५०,०००. अनुदान ५ लाखांच्या ३५ टक्के, म्हणजे १,७५,०००. खरं फेडायचं मुद्दल उरलं २,७५,०००. पाच वर्षांची मुदत आणि ११ टक्के व्याज धरलं तर याचा मासिक हप्ता ६,००० च्या आसपास येतो. पण काही शाखा हप्ता पूर्ण साडेचार लाखांवर बसवतात आणि तोच ९,८०० च्या घरात जातो. म्हणून मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी ‘हप्ता कोणत्या रकमेवर काढलाय आणि अनुदानाच्या भागावर व्याज लागणार नाही हे कुठे लिहिलंय?’ असं विचारा, आणि उत्तर कागदावर दाखवायला सांगा.

आता हा सहा हजारांचा हप्ता निघणार कुठून? मसाल्याचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. फेब्रुवारी ते मे गावागावांत वर्षाचं तिखट-मसाला करून ठेवायची धांदल असते, तेव्हा कांडप यंत्राला उसंत नसते. जुलै ते सप्टेंबर बाहेरचं दळप जवळजवळ थांबतं, हवा दमट असते, मिरची सर्द होते आणि सर्द मिरची जाळीत अडकते. हप्ता मात्र बाराही महिने तेवढाच. तुमच्या प्रकल्प अहवालात ‘महिन्याला सरासरी उत्पन्न अमुक’ असं एकच वाक्य असेल तर तो अहवाल बँकेलाही पटत नाही आणि तुमच्याही उपयोगाचा नाही. बारा महिन्यांचा तक्ता करा. प्रत्येक महिन्यात बाहेरच्यांचं दळप किती किलो आणि त्याची मजुरी किती, स्वतःचा मसाला किती किलो विकला जाणार आणि कुणाला, वीजबिल किती, कामाला बसणाऱ्या बायकांची मजुरी किती. चार महिन्यांच्या हंगामात बारा महिन्यांचे हप्ते बाजूला निघतात का ते बघा. निघत नसतील तर यंत्राचा आकार कमी करा, किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ, हळद, शेवया असं पावसाळ्यातही चालणारं एखादं काम जोडा.

घट मोजायला विसरू नका. देठासकट मिरची घेतली तर देठ, खराब माल, वाळवण आणि यंत्रात उडणारी भुकटी जाऊन शंभर किलोचं शंभर किलो तिखट कधीच होत नाही. दहा किलो मिरची घेऊन, देठ काढून, वाळवून, दळून किती भरते ते स्वतः तोलून बघा आणि तोच आकडा अहवालात लिहा. पुस्तकी टक्केवारीपेक्षा तो खरा. पॅकिंगची पिशवी, लेबल, वाहतूक आणि दुकानदाराचं कमिशन धरूनच किलोमागचा नफा काढा.

सगळ्यात जास्त गट अडकतात ते खेळत्या भांडवलात. यंत्रं येतात, बसतात आणि मिरची घ्यायला पैसे नसतात. ५०० किलो मिरची २०० रुपये भावाने धरली तरी लाख रुपये एकदम लागतात, आणि भाव फेब्रुवारी-मार्चमध्ये बरा असतो म्हणून घ्यायची तेव्हाच असते. ३५ टक्के अनुदान भांडवली खर्चावर आहे, कच्च्या मालावर नाही. यासाठी याच योजनेत बीज भांडवलाची वेगळी सोय आहे: अन्नप्रक्रियेचं काम करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत, खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी. हा अर्ज कृषी विभागाकडे नाही, उमेदच्या तालुका कक्षामार्फत जातो. पैसा ग्रामसंघ किंवा प्रभागसंघाकडे येतो आणि तिथून गटामार्फत सदस्याला कर्ज म्हणून मिळतो. सदस्याने तो परत करायचा असतो, म्हणजे पुढच्या बाईला वापरता येतो. यादीत खरंच काम करणाऱ्यांचीच नावं द्या. पडताळणीला माणूस येतो तेव्हा ‘ही काय बनवते?’ याचं उत्तर घरात दिसावं लागतं.

उद्योग गटाच्या नावाने करायचा की एका सदस्याच्या? दोन्ही चालतं. वैयक्तिक अर्जात अर्जदार १८ वर्षांवरील हवी आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे स्वतः, नवरा आणि मुलं. माझं स्पष्ट मत असं: अकरापैकी अकरा जणी रोज कामाला येणार नसतील तर सगळ्यांना मालक करू नका. बऱ्याच गटांत तिघी-चौघी राबतात, बाकीच्या नफ्याच्या वेळी हिशेब मागतात आणि दुसऱ्या वर्षी यंत्राला कुलूप लागतं. गटाच्या नावानेच करायचं ठरलं तर कामाची मजुरी आणि नफ्याचा वाटा हे दोन वेगळे ठेवा. राबेल तिला रोजची मजुरी, नफा हप्ता भरून उरेल त्यातून वर्षाअखेर. आणि हे ठरावात लिहा. ठराव साधारण असा असावा:

‘दिनांक … रोजीच्या मासिक बैठकीत उपस्थित … सदस्यांनी एकमताने ठरवले की, गटातर्फे मसाला उद्योग सुरू करण्यासाठी … बँकेच्या … शाखेकडे रुपये … च्या मुदत कर्जाची मागणी करावी. स्वहिस्सा रुपये … गटाच्या बचतीतून भरावा. उद्योगासाठी वेगळे खाते व वेगळी हिशेब वही ठेवावी. काम करणाऱ्या सदस्यांना दररोज रुपये … मजुरी द्यावी. कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या … तारखेपूर्वी भरण्याची जबाबदारी … व … यांची राहील.’ खाली सगळ्यांच्या सह्या. सह्या बैठकीतच घ्या, घरोघर फिरून नको.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ खातो तो नावांचा घोळ. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकात नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. पोर्टल पॅन आणि आधार ताडून बघतं, अक्षर चुकलं तरी अडतं. आधी आधार बरोबर करा, मग त्याच्यावरून पॅन आणि पासबुक. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून काढून ठेवला तर काम सोपं होतं. या दुरुस्तीला आठवडे लागतात, म्हणून सुरुवात इथूनच.

जागेचा कागद दुसरा. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लागतो. तलाठ्याकडचा ८-अ हा वेगळा कागद, तो शेतजमिनीच्या खात्याचा. या दोहोंची अदलाबदल फार होते आणि फेरी वाया जाते. घर सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार करा, आणि कराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त ठेवा. पाच वर्षांच्या कर्जाला अकरा महिन्यांचा करार लावला की बँक तो बाजूला ठेवते, आणि तिचं बरोबर आहे. सोबत ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला.

वीज आधी विचारा, यंत्र नंतर ठरवा. दोन-तीन एचपीची सिंगल फेजवर चालणारी यंत्रं मिळतात, पण मोठ्या पल्वरायझरला थ्री फेज लागतेच. जोडणी औद्योगिक वर्गवारीची घ्या; अनामत रक्कम आणि खांबापासूनचं अंतर महावितरणच्या शाखा कार्यालयातून लेखी घ्या आणि तो खर्च प्रकल्पात धरा. शेड शेतात असेल तर कृषिपंपाच्या जोडणीवर यंत्र चालवायचा विचार करू नका. शेतीच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच असते, आणि पकडलं गेलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. गटाच्या नावाने करायची तर गटाचा पॅन लागतो. अन्न सुरक्षा नोंदणी फॉस्कॉस पोर्टलवर होते, छोट्या उद्योगाला परवाना नव्हे तर नोंदणी पुरते. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावाच लागतो. पाकिटं छापून घेण्याआधी नोंदणी हातात घ्या, नाहीतर छापलेला माल वाया जातो.

यंत्रांचे दरपत्रक जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्यांचेच घ्या, किमान दोन-तीन ठिकाणचे, आणि भाव करासह विचारा. गटाची जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेला कर परत मिळत नाही, तो तुमच्याच खर्चात बसतो. विक्रेता म्हणेल, ‘दरपत्रकात पन्नास हजार वाढवून लावू, तुमचा स्वहिस्सा आम्ही भरल्यासारखा दाखवू.’ याला साफ नकार द्या. वाढवलेली किंमत शेवटी तुमच्याच कर्जात येते, आणि तपासणीत उघड झालं तर अनुदान जातं ते जातंच, वर फसवणुकीचं प्रकरण गटावर येतं. मंजुरीपूर्वी यंत्र विकत घेऊन नंतर ‘यावर अनुदान द्या’ असंही होत नाही. बँक पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात भरते, तुमच्या हातात देत नाही.

आता बँक. ‘नंतर या’ हे तोंडी उत्तर घेऊन परतू नका. अर्ज लेखी द्या आणि पोच मागा. लघुउद्योगाच्या कर्ज अर्जाची पोच देणं आणि नाकारल्यास कारण लेखी कळवणं हे बँकेवर बंधनकारक आहे. १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योग कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखाधिकाऱ्याला दम द्यायला हे वापरू नका, माहीत आहे एवढं दिसू द्या. त्याची खरी भीती थकबाकीची असते. ती घालवायला गटाची इतिवृत्त वही, कर्जवही, आधीचं कर्ज फिटल्याचा दाखला, गेल्या हंगामात कुणाला किती मसाला विकला याची वही आणि तो बारा महिन्यांचा तक्ता टेबलावर ठेवा. विक्रीची साधी वहीसुद्धा छापील अहवालापेक्षा जास्त काम करते. सोबत गटाची बँक सखी (गटांची बँकेतली कामं बघणारी उमेदची ताई) असू द्या, शाखेतली माणसं तिला ओळखतात.

जाण्यापूर्वी प्रत्येकीचा सिबिल अहवाल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, काढा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. मायक्रोफायनान्सची कर्जं इथेच निघतात. एखाद-दुसरीचं वैयक्तिक कर्ज थकलेलं असलं म्हणून पूर्ण गटाला नाकारणं बरोबर नाही. गट स्वतः थकबाकीदार नसेल तर काही सदस्यांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या थकबाकीमुळे गटाचं कर्ज सहसा अडवू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या उमेदविषयक परिपत्रकात आहे. त्यातली अट एवढीच की थकबाकीदार सदस्याला त्या कर्जातून पैसे देऊ नयेत.

एक पर्यायही मनात ठेवा. हिशेब करून तुमची गरज अडीच-तीन लाखांतच भागत असेल, तर गटाचं नेहमीचं बँक जोडणी कर्ज बघा. महिला बचत गटांना ३ लाखांपर्यंत ते ७ टक्के दराने मिळतं, पोर्टल नाही, समिती नाही, आणि त्यातून यंत्रही येतं, मिरचीही येते. अनुदान सुटेल हे खरं, पण हंगाम हाताशी असताना सहा महिने कागदांत घालवण्यापेक्षा पहिलं लहान यंत्र यावर घ्या. विस्ताराच्या वेळी पीएमएफएमईचा अर्ज करा. जुन्या सूक्ष्म उद्योगाच्या उन्नयनासाठीच तर ती योजना आहे.

वेळेचं गणित उलट बाजूने मांडा. यंत्र जानेवारीत चालू हवं, तर डिसेंबरात वीजजोडणी आणि बसवणी, नोव्हेंबरात बँकेचं वितरण, म्हणजे अर्ज ऑगस्टपर्यंत पोर्टलवर जायला हवा. मार्चमध्ये दिलेला अर्ज शाखेत वर्षअखेरीच्या गर्दीत सापडतो आणि मंजूर झाला तरी यंत्र पावसाळ्यात येतं. बँकेकडे हप्त्यापूर्वीचा सवलतीचा काळ मागताना तो पहिल्या हंगामापर्यंत पुरेल असा मागा.

पोर्टलवर अर्ज गेला की तो डीआरपी, जिल्हा पातळीवरची छाननी आणि मग बँक असा फिरतो. प्रत्येक टप्प्याची स्थिती लॉगिनमध्ये दिसते, तेव्हा लॉगिन आणि पासवर्ड गटाच्या सचिवाकडे ठेवा, ऑनलाइन सेवा केंद्रवाल्याकडे नको. ओटीपी येणारा मोबाइल क्रमांकही गटातल्याच बाईचा असावा. कर्ज वितरित झाल्यावर अनुदानाची मागणी शाखेनेच पोर्टलवर टाकायची असते. हे काम शाखेत राहून जातं, कारण कर्ज दिलं की त्यांच्या लेखी प्रकरण संपलं. वितरणानंतर पंधरा दिवसांनी जाऊन ‘अनुदानाचा दावा टाकला का, कोणत्या तारखेला?’ हे विचारा, आणि रक्कम जमा झाल्याची नोंद खातेउताऱ्यात स्वतः बघा.

बँक लेखी उत्तर देतच नसेल तर आधी जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला पोचेची प्रत जोडून पत्र द्या, आणि उमेदच्या तालुका अभियान व्यवस्थापकांना सांगून तालुक्याच्या बँकर्स समितीच्या बैठकीत विषय घ्यायला लावा. बरीच प्रकरणं इथेच सुटतात. तरीही अडलं तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत समाधानकारक उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला शुल्क नाही. ती अर्जाची पोच आणि तारीख या प्रत्येक पायरीवर मागतील, म्हणून तिच्या दोन झेरॉक्स गटाच्या फाइलला आजपासूनच लावून ठेवा.